साच्याला मुदत हवी

घर बदलायचं ठरलं की आपण म्हणतो, "उद्या सकाळी टेम्पो सांगितलाय." गाडी येते ती टाटांची, महिंद्रांची किंवा अशोक लेलँडची. त्याने काही बिघडत नाही, तो टेम्पोच. एका जर्मन कारखान्याचं नाव मराठीत इतकं मुरलं की ते कधी परकं होतं याची शंकाही येत नाही. टेम्पोवाला, टेम्पोभाडं, टेम्पोभर सामान, असा त्याचा संसारही वाढला आहे. हँबुर्ग शहरात मात्र आज तुम्ही कुणाला टेम्पो मागितलात तर समोरचा खिशातून कागदी रुमाल काढून देईल, कारण तिथे टेम्पो म्हणजे तोच. तिथे हे नाव गाड्यांवरून उतरून पन्नासहून अधिक वर्षं झाली.

हँबुर्गचा मूळ कारखाना नावानिशी पुसला गेला आणि त्याचं पुण्यातलं रोप मात्र टिकलं. ही गोष्ट आपल्याकडे सहसा अभिमानाने सांगितली जाते. मलाही तिचा अभिमान आहे, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात एक हिशेब आहे. तो आपण कधी नीट मांडला नाही, आणि विजेवरच्या वाहनांसाठी सरकारी तिजोरी पुन्हा उघडली असताना तो मांडायला हवा.

'विडाल उंड झोन' ही हँबुर्गची कंपनी १९२४ ची. १९२८ पासून ती तीनचाकी मालवाहू गाड्या करू लागली. छोटे दुकानदार, भाजीवाले, बेकरीवाले हे तिचं गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडून पडलेल्या जर्मनीत हान्झेआट नावाची तिची तीनचाकी खूप चालली. मग लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, चारचाकी परवडू लागली आणि १९५६ च्या सुमारास तिथे हान्झेआटचं काम संपलं. नेमकी त्यानंतर, १९५८ साली, आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि तिने बनवायला घेतली ती हीच हान्झेआट. म्हणजे आपली सुरुवातच उतरलेल्या साच्याने झाली.

यात हसण्यासारखं काही नाही. कंपनीमागचे नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे, स्वातंत्र्य चळवळीतले. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. माणसाने माणूस ओढायच्या हातरिक्षा जाऊन त्या जागी इंजिनाची रिक्षा यावी, हा विचार ज्यांनी लावून धरला त्यांत नवलमलजी होते. अशा माणसाला हान्झेआटमध्ये काय दिसलं असेल, ते सहज कळतं. बैलगाडी आणि ट्रक यांच्यामध्ये तेव्हा आपल्याकडे मोठी पोकळी होती. मार्केट यार्डातून दहा-बारा पोती गल्लीतल्या दुकानापर्यंत न्यायची तर हातगाडी होती, नाहीतर टांगा. त्या पोकळीत शोभेल असं स्वस्त, साधं, कुठल्याही फिटरला उघडता येईल असं यंत्र जर्मनीत तयार होतं. तिथे ते जुनं झालं होतं म्हणून इथे निरुपयोगी ठरत नव्हतं.

शिवाय सरकारी धोरणही हेच सांगत होतं. १९५३ साली टॅरिफ कमिशनने, म्हणजे देशी उद्योगांच्या संरक्षणाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने, शिफारस केली की देशात गाडी खरोखर बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच परवानगी द्यावी. नुसते परदेशातून सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना नाही. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपली इथली जुळणीची कामं गुंडाळली. उरलेल्यांना सांगण्यात आलं: परवाना घ्या, आराखडा आणा, आणि वर्षागणिक एकेक भाग इथे बनवायला लागा. आज आपण 'मेक इन इंडिया' म्हणतो ते त्या वेळी, घोषणेशिवाय, फायलींमध्ये चाललं होतं.

कारखाना आधी मुंबईत गोरेगावला होता, मग आकुर्डीला आला. पिंपरी-चिंचवडचा तो माळ तेव्हा भरायला लागला होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो, बजाज टेम्पो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉपं असं एक जाळंच तिथे विणलं गेलं. मावळ-मुळशीपासून मराठवाड्यापर्यंतची पोरं आयटीआय करून तिथे लागली. 'टेम्पोत आहे' एवढं सांगितलं की सोयरीक जुळायला पुरे व्हायचं.

आणि मग १९६९ मध्ये मॅटाडोर आली.

या गाडीवर जरा रेंगाळायला हवं, कारण व्हॅन ही काय चीज आहे हे महाराष्ट्राला तिने शिकवलं. मॅटाडोरचा आराखडाही हँबुर्गचाच. तिचं इंजिन पुढच्या चाकांना ओढायला लावायचं. ट्रकमध्ये इंजिनापासून मागच्या आसापर्यंत जो लांब दांडा जातो तो इथे नाही, म्हणून मागची जमीन सपाट आणि बुटकी. ऐकायला ही तांत्रिक बारकाई वाटते, पण गाडीचं सगळं चरित्र त्यात आहे. जमीन बुटकी म्हणून स्ट्रेचर उचलून वर चढवावं लागत नाही, सरळ आत सरकवता येतं, आणि मॅटाडोर रुग्णवाहिका झाली. जमीन बुटकी म्हणून पहिली-दुसरीतली पोरं आपली आपण चढतात, आणि ती शाळेची गाडी झाली. दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मंडपाचे बांबू, लग्नाचं वऱ्हाड, बॅन्जो पार्टी, सगळ्यांना तीच. निवडणुकीत तिच्या टपावर कर्णे चढले. त्या काळात दुसरी व्हॅन नव्हतीच असं नाही. मद्रासला स्टँडर्ड कंपनी एक बनवत होती. पण आपल्याकडे व्हॅन म्हणजे मॅटाडोर, हे समीकरण इतकं पक्कं बसलं की पुढे कित्येकांनी मारुतीच्या व्हॅनलाही काही दिवस 'छोटी मॅटाडोर' म्हणून घेतलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

तिकडे जर्मनीत याच व्हॅनचे काय हाल झाले पाहा. विडाल कुटुंबाने कंपनी राइनश्टाल या पोलाद समूहाला विकली. गाडीवरचं टेम्पो हे नाव गेलं, हानोमाग आलं. मग हानोमाग-हेन्शेल झालं. मग डायम्लर-बेंझने तो सगळा व्यवसाय ताब्यात घेतला आणि तीच व्हॅन मर्सिडीजचा तारा लावून एल २०६, एल ३०६ अशा नावांनी विकली जाऊ लागली. दहाएक वर्षांत चार पाट्या. शेवटी १९७७ मध्ये मर्सिडीजने स्वतःची नवी व्हॅन, टी-वन, ब्रेमेनच्या कारखान्यात सुरू केली आणि जुनीला निरोप दिला. हँबुर्ग-हारबुर्गची ती जागा आज मर्सिडीजचे सुटे भाग बनवते.

आकुर्डीची मॅटाडोर २००० सालापर्यंत बनत राहिली. हान्झेआटच्या वंशातली तीनचाकीही जवळपास तेव्हापर्यंत. म्हणजे जर्मनीत १९७७ मध्ये ज्या व्हॅनचा विषय संपला तिला आपण आणखी तेवीस वर्षं दिली.

इथे दोन ठराविक प्रतिक्रिया ऐकू येतात. पहिली: बघा, मूळ मालक बुडाले, आपण टिकलो. ही मला पटत नाही. आपण टिकलो कारण रस्त्यावर दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नव्हतं. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली कोणी काय बनवायचं, किती बनवायचं, हे दिल्लीत ठरत असे. क्षमता वाढवायची तरी परवाना, गाडीचा प्रकार बदलायचा तरी परवाना. ज्या शर्यतीत एकच घोडा उतरवलाय तिथे तो जिंकला म्हणून गुलाल उधळायचा नसतो.

दुसरी प्रतिक्रिया याच्या उलट टोकाची, आणि हल्ली तीच जास्त ऐकू येते: ते सगळं परवाना-राज म्हणजे निव्वळ वाया गेलेली चाळीस वर्षं. दार आधीच उघडलं असतं तर आपण कुठल्या कुठे असतो. हीही मला पटत नाही. दार उघडं असतं तर १९५८ मध्ये गोरेगावात कारखाना निघालाच नसता, जर्मनीतून जहाजाने तयार गाड्या आल्या असत्या, आणि परकीय चलन संपलं की त्याही थांबल्या असत्या. परक्या कंपनीच्या परवान्यावर गाडी बनवणं म्हणजे नुसतं नकलणं असं समजणाऱ्याने टूलरूममध्ये एक दिवस काढावा. आराखड्यावर एक रेघ असते. ती रेघ पोलादात उतरवायला डाय, म्हणजे साचा, बनवावी लागते, डाय बनवणारा माणूस घडवावा लागतो, आणि त्याला घडवायला दहा वर्षं जातात. याच बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या ओएम ६१६ कुळातलं डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतलं आणि इंजिन हे तिचं घरचं शास्त्र झालं. पुढे मर्सिडीजच्या भारतातल्या मोटारींची इंजिनं जोडायचं काम तिच्याकडे आलं, नंतर बीएमडब्ल्यूचंही, आणि त्यासाठी चाकणला आणि चेन्नईला वेगळे कारखाने उभे राहिले. एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन जर्मन एकाच पुणेरी कंपनीवर इंजिनाचा भरवसा ठेवतात, हे त्या 'वाया गेलेल्या' वर्षांचं फळ आहे.

म्हणजे संरक्षण दिलं हे चुकलं नाही. चुकलं ते हे की त्याला मुदत घातली नाही.

कोरियाकडे पाहा. ह्युंदाई १९६७ मध्ये निघाली, बजाज टेम्पोनंतर नऊ वर्षांनी. तिनेही परक्याची गाडीच जोडायला घेतली, फोर्डची कॉर्टिना. तिथेही बाजार बंद होता, तिथेही परवाना सरकारच देत होतं, आणि सरकार तर लष्करशहाचं, आपल्याहून कडक. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या सरकारने कंपन्यांना सांगितलं, आता स्वतःची गाडी आणा आणि ती बाहेर विकून दाखवा. १९७५ च्या अखेरीस पोनी कारखान्यातून निघाली. तिचा साज इटालियन होता, इंजिन जपानी घराण्यातलं होतं, तरी ती ह्युंदाईची गाडी होती. १९७६ मध्ये तिची पहिली निर्यात इक्वेडोरला गेली. फार ग्रेट गाडी होती अशातला भाग नाही. पण आठ वर्षांत परक्याच्या आराखड्याकडून स्वतःच्या मॉडेलकडे जायची सक्ती त्यांच्यावर होती. आपल्याकडे तशी सक्ती कुणी केली नाही. आपल्या परवान्यात किती गाड्या बनवायच्या याचा आकडा असायचा, कधीपर्यंत तीच बनवायची याचा नसायचा.

हे कंपनीच्या स्वभावावर ढकलता येणार नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने हलक्या व्यापारी वाहनांचं दार जरासं किलकिलं केलं. लगेच चार जपानी सोबती आले: डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निसान आणि आयशर-मित्सुबिशी. गाड्या सुबक, इंजिनं शांत. टेल्कोला घाम फुटला आणि १९८६ मध्ये पुण्यातून टाटा ४०७ बाहेर पडली. आपल्या रस्त्यांसाठी, आपल्या ओव्हरलोडसाठी, आपल्याच माणसांनी आखलेली. येन वधारल्यामुळे जपान्यांचे सुटे भाग महागले हे खरं, नशिबाने साथ दिली हेही खरं, पण ४०७ नसती तर त्या नशिबाचा उपयोग कुणाला झाला असता? आणि आकुर्डीकरांनी काय केलं? १९८७ मध्ये मर्सिडीजची टी-वन आणली. तिचं नाव टेम्पो ट्रॅव्हलर.

अठरा वर्षं एकाच व्हॅनवर बसलेली कंपनी, बाजारात चार परके घुसल्याबरोबर एक पिढी पुढे सरकली. चावी कुठे होती ते यावरून कळावं.

ट्रॅव्हलरने मग मॅटाडोरचंच नशीब काढलं. आज सतरा जणांच्या कुठल्याही गाडीला लोक 'टेम्पो ट्रॅव्हलर' म्हणतात, कंपनीने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं तरी. अष्टविनायक, शिर्डी, कोकणची सहल, कंपनीची रात्रपाळी, १०८ नंबरला फोन केल्यावर येणारी रुग्णवाहिका, सगळीकडे तोच चौकोनी तोंडवळा. ती मध्य प्रदेशात पिथमपूरला बनते, पण मनाने ती आपलीच. इंजिन बदललं, ब्रेक सुधारले, उत्सर्जनाचे निकष पार केले, तोंडाला नवा साज चढवला. हे सगळं मान्य. पण अंगाचा सांगाडा ज्या पिढीचा आहे ती पिढी १९७७ ची. खुद्द मर्सिडीजने १९९५ मध्ये टी-वन थांबवून स्प्रिंटर आणली. आपली ट्रॅव्हलर अजून विकली जाते. टाटांची २००७ ची विंगरही रेनोच्या पहिल्या पिढीच्या ट्राफिकवरून घेतलेली, म्हणजे तिचंही कुळ १९८० च्या आसपासचंच. एका कंपनीला वेगळं काढून बोट दाखवण्यात अर्थ नाही. हा सगळ्या बाजाराचाच स्वभाव आहे.

का? या गाड्या विकत घेणारा आणि त्यात बसणारा, हे दोघे वेगळे असतात. मोटार घेणारा माणूस स्वतःच्या बायकापोरांना त्यात बसवणार असतो. तो एअरबॅग मोजतो, टक्कर चाचणीचे तारे विचारतो. ट्रॅव्हल एजन्सीचा मालक प्रतिकिलोमीटर खर्च आणि सुट्या भागांची उपलब्धता विचारतो, आणि त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. जुना साचा म्हणजे फिटलेलं भांडवल, गल्लीतला मेकॅनिक, स्वस्त भाग. मागच्या सीटवर बसलेल्या सतरा जणांना कुणी विचारत नाही. ग्रामीण भागात वडापच्या ट्रॅक्स जीपमध्ये कोंबून बसलेल्यांना तर नाहीच. त्यांच्यासाठी एसटी वेळेवर आली नाही एवढाच या व्यवहाराचा उगम.

अशा वेळी विचारणारा एकच उरतो, तो म्हणजे कायदा. कायद्याने विचारलं की काय होतं याचं उदाहरण ब्राझीलने दिलं. फोक्सवॅगनची कोंबी व्हॅन साव पावलोजवळच्या कारखान्यात १९५७ पासून बनत होती. जर्मनीत तिची दुसरी पिढी १९७९ मध्ये संपली, ब्राझीलमध्ये मात्र चालूच. टपाल, शाळा, भाजी, सगळं कोंबीवर. मग तिथल्या सरकारने ठरवलं की २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीत पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेच पाहिजेत. कोंबीच्या अंगात एअरबॅग बसवणं शक्य नव्हतं. शेवटच्या महिन्यात अर्थमंत्र्यांनी कोंबीला सवलत देता येईल का, अशी चाचपणी केली. नोकऱ्या जातील, लोकांची लाडकी गाडी आहे, ही कारणं तिथेही तीच. सवलत मिळाली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये छप्पन्न वर्षांची कोंबी थांबली. ब्राझीलचं टपाल आणि भाजी त्यानंतरही पोचतेच आहे.

आपल्याकडेही हे एकदा घडलंय, पण आपण त्या नजरेने पाहिलं नाही. मॅटाडोर थांबली ते साल २०००. त्याच वर्षी देशभर 'भारत २०००' हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. तारीख ठरलेली होती, सगळ्यांसाठी सारखी होती. मी हा निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. धुरासाठी आपण तारखा ठरवत गेलो आणि इंजिनं सुधारत गेली. सांगाड्यासाठी तशा तारखा ठरवल्या नाहीत आणि सांगाडे राहिले.

कुणी म्हणेल, कडक नियम आले की गाडी महागेल, भाडं वाढेल, आणि लोक पुन्हा जीपच्या टपावर बसतील. हा आक्षेप हलका नाही. व्हॅनचं तिकीट परवडलं नाही म्हणून माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणार असेल तर आपण सुरक्षितता वाढवली असं म्हणता येणार नाही. म्हणूनच मुदत लांबची आणि आधी जाहीर केलेली हवी. पाच-सात वर्षं आधी तारीख कळली की कारखानदार त्याप्रमाणे डाय टाकतो आणि खर्च पसरवतो. तारीखच नसली की शहाणा कारखानदार जुनी डाय चालवत राहतो. त्याला दोष देता येत नाही. आणि फोर्सने अर्बेनिया ही नव्या बांध्याची व्हॅन, एअरबॅगसकट, बाजारात आणलीच आहे. म्हणजे कारखान्याला जमत नाही असं नाही. ती मात्र महाग, म्हणून जुनी तिच्या शेजारीच उभी, आणि गिऱ्हाईक बहुधा जुनीकडेच वळणार.

आता विजेच्या गाड्यांचा हंगाम आहे. २०२१ मध्ये केंद्राने वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०२४ मध्ये 'पीएम ई-ड्राइव्ह' साठी १०,९०० कोटी. पहिल्या योजनेत अट आहे की निम्मं तरी मूल्य देशात घडलं पाहिजे. चांगली अट आहे, १९५३ च्या टॅरिफ कमिशनलाही आवडली असती. बॅटरीचे घट (सेल) आणि मोटरचे आराखडे पुन्हा बाहेरूनच येतील, या वेळी बहुतेक पूर्वेकडून, आणि त्यातही कमीपणा मानायचं कारण नाही. हान्झेआटपासून आपण तसंच शिकत आलो. पण घेतलेला आराखडा किती वर्षं चालवायचा, दुसरी पिढी स्वतःची कधी आणायची, ती बाहेरच्या बाजारात कधी विकून दाखवायची, हे कागदावर नसेल तर २०५० मध्ये आपण २०२५ ची बॅटरी-व्हॅन नवं तोंड लावून विकत असू.

सुरुवात मात्र विजेपासून करायची गरज नाही. भारत एनकॅप ही टक्कर चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. ती आहे चालक सोडून आठ जणांपर्यंतच्या गाड्यांसाठी, तीही ऐच्छिक. आठच्या जागी बारा किंवा सतरा जण बसणार असतील तर ती गाडी या ताऱ्यांच्या यादीत येतच नाही. कायद्याच्या भाषेत ती 'एम-टू', छोटी बस. पुढच्या आठवड्यात सहलीला जाताना तुम्ही दारात उभ्या असलेल्या ट्रॅव्हलरच्या मालकाला विचारून बघा, हिला किती तारे आहेत. तो टपावर सामान बांधता बांधता हसेल. त्याचं चुकलं नाही, कारण उत्तरच अस्तित्वात नाही. ते अस्तित्वात यावं, त्यासाठी या वर्गाला चाचणी लागू करावी, आणि तिच्यात नापास होणारा साचा अमुक साली बंद होईल अशी तारीख आजच राजपत्रात छापावी, एवढी माझी मागणी आहे.